कॅप्टनचा तिसरा हात

आवडलेली वस्तू दिसल्याबरोबर विकत घेणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचा आहे. वस्तू आवडली की आम्ही आधी तोंड वाकडं करतो. मग तिच्याकडे पाठ करून भलत्याच वस्तूची चौकशी करतो. मग घरी येऊन चार जणांना विचारतो आणि चौघांची पाच मतं घेऊन परत जातो, तोवर दुकान बंद झालेलं असतं. त्यामुळे आमच्या घरात फसून घेतलेली एकही वस्तू नाही. तशा वस्तूही फारशा नाहीत.

सासऱ्यांच्या फोटोची काच तडकली म्हणून मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फ्रेमवाल्याकडे गेलो होतो. (काच कोणामुळे तडकली हा वाद घरात अजून धुमसतो आहे. मी त्यात पडत नाही.) फ्रेमवाला मोठ्या टेबलावर काच कापत होता आणि काचेखाली त्याने जुने जाड कागद अंथरले होते. त्यातल्या एका कागदावरून कॅप्टन ठोंब्या माझ्याकडे बघत होता.

ज्यांच्या लहानपणी तो ज्यात यायचा ते मुलांचं साप्ताहिक घरी येत नसे, त्यांच्यासाठी सांगतो. कॅप्टन ठोंब्या हा जहाजाचा कप्तान. झुपकेदार मिशा, पोटावर ताणलेला कोट आणि पाण्याची भयंकर भीती. दर आठवड्याला एका पानात त्याचं जहाज बुडायचं. पुढच्या आठवड्याला तो नव्या जहाजावर हजर. नवं जहाज त्याला कोण देतं, असं आम्ही कधी विचारलं नाही. हे पान काढणारा चित्रकार आपलं नाव लिहीत नसे. कोपऱ्यात एक बारीकशी माशी काढायचा, तीच त्याची सही. म्हणून आम्ही मुलं त्याला ‘माशी’ म्हणायचो.

आणि हे छापलेलं पान नव्हतं, हाताने काढलेलं मूळ पान होतं. काळ्या शाईखाली पेन्सिलीच्या पुसट रेघा होत्या. बोलण्याचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून वर चिकटवले होते. शेवटच्या चौकोनात जहाज बुडालेलं, कॅप्टन कपडे धुवायच्या टबात बसलेला आणि बुडत्या जहाजाला सलाम ठोकतो आहे. ते बघून पिशवीतला फोटो कशाला आणला होता तेच मी विसरलो.

“काय बघताय साहेब? तो कागद?” फ्रेमवाला म्हणाला. “छापखाना मोडला तेव्हा रद्दीत आला होता. पाहिजे तर न्या. द्या काय द्यायचं ते.”

एखाद्या शहाण्या माणसाने तिथल्या तिथे पाकीट काढलं असतं. मी तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, “बघू. विचार करून सांगतो.” फ्रेमवाल्याने कॅप्टनच्या डोक्यावर दुसरी काच ठेवली आणि हिऱ्याच्या लेखणीने कर्रकन रेघ ओढली. ती रेघ माझ्या पाठीच्या कण्यावरून गेली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “आवडलं ना? मग घ्यायचं की.” हे इतकं सरळ होतं, की मला तिच्या व्यवहारज्ञानाची काळजी वाटली. मी तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मेहुण्याला, फोन केला. मेहुण्याने एकदा एका हॉटेलात मोठं चित्र टांगणाऱ्या माणसाची शिडी धरली होती. तेव्हापासून कला या विषयात त्याचा शब्द शेवटचा असतो.

तो पांढरे बूट घालून अर्ध्या तासात हजर झाला.

“भाऊजी,” तो म्हणाला, “चित्र घ्यायचं नसतं, चित्रकार घ्यायचा असतो. ह्याचं आउटपुट काय?”

“म्हणजे?”

“म्हणजे एकूण पानं किती काढली? स्वतः किती, हाताखालच्यांनी किती? हे पान भराच्या काळातलं का उतरत्या? आणि मुख्य म्हणजे पुरवठा बंद झालाय ना? माणूस अजून काढत बसला असेल तर तुमचं पान मातीमोल.”

“म्हणजे तो गेलेला हवा?”

“गेलेला असला तर उत्तम,” मेहुणा म्हणाला.

“अरे, काय बोलतोस!” बायको आतून ओरडली. “आवडलंय म्हणून भिंतीवर लावायचंय.”

“ताई, तू मध्ये पडू नकोस. हा अभ्यासाचा विषय आहे.”

अभ्यास म्हटलं की मी विरघळतो. दुसऱ्याच दिवशी मी साप्ताहिकाच्या जुन्या कार्यालयाचा फोन नंबर शोधून काढला. तिथे आता व्यायामशाळा निघाली. “तुमच्याकडचे चित्रकार जिवंत आहेत का?” असं मी विचारलं. पलीकडच्या मुलीने माझं वय आणि वजन विचारलं. आजतागायत मला त्यांच्याकडून पोट कमी करण्याचे निरोप येतात.

मग उरलं वाचनालय. तिथे साप्ताहिकाच्या सगळ्या जुन्या अंकांचे बांधीव खंड आहेत, हे आमच्या खालच्या मजल्यावरच्या ऑडिटकाकांनी सांगितलं. ऑडिटकाका सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झाले, पण लेखापरीक्षण त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, हे त्यांनी फूटपट्टीने सिद्ध केलं आहे. गळ्यात दोरीने अडकवलेलं जाड भिंग असतं. “पडताळणी करायची तर मी येतो,” ते म्हणाले आणि मी नको म्हणायच्या आत चपला घालून उभे राहिले.

वाचनालयाच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “ते खंड बालविभागात आहेत. बालविभागात मोठ्या माणसांना मुलाशिवाय बसता येत नाही.”

“आमची मुलगी नोकरीला लागली हो.”

“मग दुसरं मूल आणा.”

“अहो बाई, मी स्वतः हे साप्ताहिक मूल असताना वाचलंय.”

“तसा काही पुरावा आहे?”

मी ऑडिटकाकांकडे बघितलं. ते भिंतीवरची नियमावली भिंगातून वाचत होते. एका कलमावर त्यांचं बोट थांबलं. खंडांच्या दुरुस्तीची पाहणी करणाऱ्यांना बालविभागात प्रवेश होता. काकांनी तिथेच जाहीर केलं की आम्ही दुरुस्तीची पाहणी करायला आलो आहोत. बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली आणि त्यांचा चेहरा इतका उजळला, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

“कधीची वाट बघत होते!” त्या म्हणाल्या आणि कपाटामागून खळीचं भांडं, ब्रश आणि कापडी पट्ट्या काढून आमच्यापुढे ठेवल्या. वाचनालयाचा नियम असा झाला की जो खंड आम्ही उघडू, तो आम्हीच डागडुजी करून ठेवायचा. दर संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी आणि काका बालविभागातल्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे कानाला लावून बसायचो. कॅप्टनचं एक जहाज बुडालेलं बघायचं आणि एक फाटकं पान चिकटवायचं. पहिल्याच दिवशी मी उठलो तर खुर्चीही माझ्याबरोबर उठली. समोरच्या टेबलावरची मुलं आनंदाने किंचाळली आणि बाईंनी मलाच गप्प बसायला सांगितलं.

ही खळ हाताला लागली की धुतल्याने जात नाही. ऑफिसात एक महत्त्वाची फाईल माझ्या बोटांना चिकटून साहेबांच्या टेबलापर्यंत गेली आणि मी ती खाली ठेवायचा प्रयत्न करत राहिलो. साहेबांना वाटलं, मी ती द्यायला तयार नाही. ते म्हणाले, “काही दडवायचंय का?” माझ्या स्वच्छ नोकरीवरचा हा पहिला डाग खळीचा आहे, हे कोणाला सांगणार?

पण अभ्यास झाला, हे मात्र खरं. कॅप्टनची जहाजं कशाकशाने बुडाली, याचा माझ्याएवढा जाणकार आता सापडणार नाही. एक जहाज आपल्याच भोंग्याने दचकून बुडालं होतं. एक जहाज कॅप्टनने तळाला भोक आहे का, हे बघायला भोक पाडल्यामुळे बुडालं. रेषा कुठेही घाईची नाही. हाताखालचा कोणी असल्याची खूण नाही. माशी प्रत्येक पानावर. जेवताना मी हे बायकोला सांगायचो. ती एके दिवशी ताट उचलता उचलता म्हणाली, “लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी केली नव्हतीत.”

दुकानातलं ते पान कुठे छापलंय, तेही सापडलं. शेवटच्या खंडात. त्यावर भिंग धरून काका बराच वेळ बसले. मग त्यांनी मला खूण केली.

“हात मोजा.”

टबाच्या दोन्ही कडा कॅप्टनने दोन हातांनी घट्ट धरल्या होत्या. आणि सलाम करत होता तो तिसऱ्या हाताने.

“जादा हात,” काका गंभीरपणे म्हणाले. “हिशोबात न बसणारा.” मी ब्रश खळीत बुडवला. मला ते आधीपासून माहीत होतं, पण त्याबद्दल बोलायची ती जागा नव्हती. आणखी एक गोष्ट दिसली. त्या पानानंतर कॅप्टन फक्त दोन आठवडे आला. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या जागी शब्दकोडं होतं. ना निरोप, ना कारण. मी पुढची पानं उलटत राहिलो, पण कॅप्टन परत आला नाही. मला घरी जायची घाई झाली, का ते कळेना.

तिसऱ्या हाताची बातमी ऐकून मेहुणा टाळ्या पिटायचाच राहिला होता. “भाऊजी, जिंकलो! सदोष माल! आता भाव पाडायचा. तुम्ही दुकानाकडे फिरकायचंसुद्धा नाही. तुमच्या तोंडावर हवंय हवंय लिहिलेलं असतं. आम्ही एकेक जण अनोळखी गिऱ्हाईक म्हणून जातो, पान बघतो, नावं ठेवतो आणि निघून येतो. तिघांनी नावं ठेवली की तो तुमच्या घरी आणून देईल.”

ही युक्ती आमच्याकडे फार जुनी आहे. घर, गाडी, स्थळ, सगळं असंच बघतात. त्यामुळे तिच्यात काही खोट असेल, अशी शंका कोणालाच आली नाही. पहिला मेहुणा गेला. “तीन हात? छे, असलं कोण घेणार!” असं म्हणून तो बाहेर पडला. मग काका गेले. त्यांना नावं ठेवायला सांगितलं होतं, पण त्यांनी भिंग लावून पान इंच इंच तपासलं, माशीचे पाय मोजले आणि “तिसऱ्या हाताबद्दल तुमचा खुलासा काय?” असं फ्रेमवाल्यालाच विचारलं. मग बायको गेली. ती सासऱ्यांच्या फोटोचं काम घेऊनच गेली, कारण एका खेपेत एकच काम करणं तिला पटत नाही. फ्रेमवाल्याने तिची काच त्याच पानावर ठेवून कापली. ती घरी येऊन म्हणाली, “बिचाऱ्याच्या मिशीवरून लेखणी फिरली हो. मला बघवेना. मी म्हटलं त्याला, अहो, तो कागद जरा बाजूला घ्या.”

“बोललीस!” मेहुणा ओरडला. “घात केलास!”

दोन दिवस मी तग धरला. माझं कशात लक्ष लागेना. खिडकीत उभा राही, पाणी प्यायला आत जाई, न पिता परत येई. शेवटी भाजी आणायचं निमित्त करून दुकानासमोरच्या फुटपाथवर गेलो आणि टेलिफोनच्या पेटीआडून बघितलं. पान टेबलावर नव्हतं. आत भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, झटकून पुसून. दुसऱ्या दिवशी ते चौकटीत होतं. तिसऱ्या दिवशी दर्शनी काचेत, वर एक दिवा लावलेला. भाजी रोज घरात येत होती आणि खायला माणसं दोनच.

त्या दिवशी फ्रेमवाल्याने मला पेटीआडून ओढून बाहेर काढलं.

“साहेब, या की! तुम्ही पहिले गिऱ्हाईक म्हणून सांगतो. ह्या चित्राला फार मागणी आलीय.”

“कोणाची?”

“एक बडे साहेब येऊन गेले, पांढऱ्या बुटातले. ‘असलं कोण घेणार’ म्हणाले. साहेब, इतकी वर्षं धंदा करतोय. असं जो म्हणतो, तोच घेतो. मग एक तज्ज्ञ आले, भिंगवाले. सरकारी असणार. आणि एक बाई. त्यांच्या तर डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांचं लक्ष त्या तिसऱ्या हातावर. काहीतरी आहे साहेब त्या हातात.” मग त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि आवाज खाली आणला. “तुम्हाला काही माहिती आहे का ह्या माणसाची?”

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण आठवडेच्या आठवडे खळ खाऊन मी जे मिळवलं होतं, ते ऐकायला घरात कोणी तयार नव्हतं आणि इथे एक माणूस हनुवटीला हात लावून समोर बसला होता. मी बोलायला लागलो. चहा दोनदा झाला. भोंग्याने बुडालेलं जहाज, भोक बघायला पाडलेलं भोक, माशी, अचानक आलेलं शब्दकोडं, सगळं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी चौकटीखाली सुबक अक्षरांत पाटी लागली होती: ‘जगातला एकमेव तीन हातांचा कप्तान.’ खाली बारीक अक्षरांत माझंच व्याख्यान होतं. आणि त्याखाली आणखी एक ओळ होती. येत्या रविवारी सकाळी इच्छुकांनी जमावं, चित्रकार स्वतः हजर राहतील.

“जिवंत आहेत?” मी किंचाळलो.

“तुम्हीच तर म्हणालात, अचानक बंद झालं. म्हटलं, विचारून बघू. छापखान्याच्या जुन्या मालकाच्या सुनेकडे पत्ता होता.”

मेहुण्याला कळवलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. “म्हणजे पुरवठा चालू व्हायची भीती! भाऊजी, रविवारी सगळ्यांनी जायचं. कोणी कोणाला ओळखायचं नाही. इतर गिऱ्हाईकं आली तर त्यांना बिचकवायचं.”

रविवारी इतर गिऱ्हाईकं आली नाहीत. दुकानात मांडलेल्या खुर्च्यांवर पांढऱ्या बुटातले बडे साहेब, सरकारी तज्ज्ञ, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या बाई आणि मी, असे आम्ही चौघे परके लोक एकमेकांपासून अंतर राखून बसलो होतो. बायकोने सवयीने माझी कॉलर नीट केली आणि मग घाईघाईने “माफ करा हं” म्हणाली. वाचनालयाच्या बाई तेवढ्या खऱ्या पाहुण्या होत्या. त्या दुरुस्ती समितीला, म्हणजे काकांना आणि मला, शोधत आल्या होत्या.

आणि मग तो आला. किडकिडीत म्हातारा, अंगात सैल कोट. हात क्षणभर थांबत नव्हते. बोटं गुडघ्यावर, खुर्चीच्या पाठीवर, हवेत काहीतरी रेघाटत होती. दारातच थांबून त्याने आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि फ्रेमवाल्याला हळूच विचारलं, “हे सगळे माझ्यासाठी?”

“सगळे,” फ्रेमवाला अभिमानाने म्हणाला. “रोज येतात.”

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. हे सगळे माझे आहेत, एकाच घरातले आणि एकाच जिन्यावरचे, हे त्याला कळलं तर? म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते मला उतरलेलं बघायचं नव्हतं. पानाची मला इतके दिवस काळजी होती. आता त्या चेहऱ्याची वाटायला लागली.

तो चौकटीपाशी गेला. पाटी वाचली. मग चित्र बघितलं आणि बोटं जास्तच जोरात हलायला लागली.

“हे अजून आहे?” तो म्हणाला. “मला वाटलं, जळलं असेल. काच काढा हो जरा.”

फ्रेमवाल्याने मोठ्या अदबीने चौकट उघडली. म्हाताऱ्याने कोटाच्या एका खिशातून पांढऱ्या रंगाची बाटली काढली, दुसऱ्यातून बारीक कुंचला. काय होतंय ते कळायच्या आत त्याने झाकण फिरवलं होतं.

“अहो, काय करताय!” फ्रेमवाला आडवा झाला.

“पुसतोय. एक हात जास्त आहे. आयुष्यभर डोळ्यांपुढे येतोय माझ्या.”

“त्याचीच तर किंमत आहे!”

“मूळ नोंदीत खाडाखोड करता येत नाही!” ऑडिटकाका उठून उभे राहिले.

“मी केलेली चूक मी दुरुस्त करणार नाही तर कोण?” म्हातारा ओरडला. कुंचल्याच्या टोकाशी पांढरा थेंब जमत होता. “संपादक म्हणाले, टबात नुसता बसलाय, शोभत नाही, कप्तान आहे, सलाम हवा. बाहेर छापखान्याचा माणूस उभा. मी सलामाचा हात काढला, आधीचा पुसायचा राहिला. अंक छापून आला तेव्हा बघितलं. मला झोप येईना. म्हटलं, आता पोरं सोडत नाहीत. पत्रांचं पोतं येणार. मी वाट बघितली. एक आठवडा गेला, दुसरा गेला.” त्याने आमच्याकडे बघितलं. “एक पत्र नाही हो. तीन हातांचा माणूस छापला आणि एकाही पोराने विचारलं नाही. तेव्हा कळलं, की कोणी बघतच नव्हतं. मी उगाच जीव काढत होतो. कुंचला धुऊन ठेवला. पुढे बिस्किटांच्या डब्यांवर फळं काढली.”

 मेहुणा आपल्या बुटांकडे बघत होता.

“मी मोजले होते,” मी म्हणालो.

माझं मलाच ते मोठ्याने ऐकू आलं. म्हातारा वळला.

“तेव्हाच मोजले होते, लहान असताना. तीनच होते आणि तीन बरोबर होते. टब दोन्ही हातांनी धरायलाच हवा, नाहीतर तो कलंडणार. आणि जहाज बुडतंय तर सलामही करायलाच हवा. मी घरी आईच्या कपड्यांच्या टबात बसून करून बघितलं होतं. खरंच एक हात कमी पडतो. मला वाटलं, तुम्हीसुद्धा टबात बसून बघितलं असणार, म्हणून तर इतकं अचूक आलं.” बोलता बोलता मी हवेतच टबाच्या दोन्ही कडा धरल्या. “अजूनसुद्धा साहेबांपुढे उभा असलो ना, की मला तो तिसरा हात आठवतो.”

“मग पत्र का नाही टाकलंत?” त्याने विचारलं. आवाजात राग होता.

“पत्र कशाला? चूक कुठे होती?”

 तेव्हा ऑडिटकाका पुढे आले. भिंग हातात घेऊन, घसा खाकरून, जन्मभर ज्या आवाजात त्यांनी अधिकाऱ्यांना घाम फोडला त्या आवाजात ते म्हणाले, “माझं सगळं आयुष्य कागद तपासण्यात गेलं. आक्षेप असला की समासात शेरा मारतात. आक्षेप नसला की काही लिहीत नाहीत, पान उलटतात. लोकांना वाटायचं, ह्याने काही बघितलंच नाही. मी सगळं बघितलेलं असायचं. कोरा समास म्हणजे मंजूर, महाराज. तुम्हाला पत्र आलं नाही, याचा अर्थ गावभरच्या पोरांनी तुमचं पान मंजूर केलं होतं.”

कुंचल्याच्या टोकाचा थेंब जमिनीवर पडला. म्हाताऱ्याने बाटलीचं झाकण लावलं. नीट बसेना, परत लावलं. मग तो स्टुलावर बसला आणि पान मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत राहिला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याची बोटं स्वस्थ होती.

“हे मी घरी नेऊ का?” तो थोड्या वेळाने म्हणाला. “माझ्याकडे माझं एकही पान नाही. सगळी छापखान्यातच राहिली.”

फ्रेमवाल्याचं तोंड उघडलं. “अहो, पण ही एवढी गिऱ्हाईकं...”

“मला नको,” बायको म्हणाली.

“पडताळणी पूर्ण झाली,” काका म्हणाले.

“असलं कोण घेणार!” मेहुणा म्हणाला, आणि मग दुसरीकडे तोंड करून त्याने रुमाल काढला.

फ्रेमवाल्याने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मला ते पान हवं होतं. आजही हवं आहे, खोटं कशाला बोलू. ती चौकट टांगायची जागा मी मनात ठरवून टाकली होती. “त्यांना नेऊ द्या,” मी म्हणालो. “आणि चौकटीचे पैसे किती होतात, ते मला सांगा.”

टॅक्सी बोलावली. म्हातारा आत बसला. मी पान त्याच्या मांडीवर नीट ठेवलं, वरून वर्तमानपत्र गुंडाळलं आणि दार लावणार, तेवढ्यात त्याने माझी बाही धरली.

“अजून?”

“अजून काय?”

“अजून काय काय बरोबर होतं?”

मी बायकोकडे बघितलं. आता ओळख लपवण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, “बसा हो आत. एवढा अभ्यास केलाय, तो कोणाला सांगणार? आमचा तर पाठ झालाय.” मी आत बसलो. टॅक्सीवाल्याने कुठे जायचं विचारलं. म्हातारा म्हणाला, “सरळ चला. आणि हळू चालवा, घाई नाही.” मग तो माझ्याकडे वळून बसला आणि मी पहिल्या अंकातल्या पहिल्या जहाजापासून सुरुवात केली.